निर्णय त्यांचा, साथ आपली : मदतनीसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपंगत्व असलेल्या व्यक्तीला निर्णय घेताना मदत करणारी माणसं बहुतेक वेळा कोणी न शिकवताच या कामात पडतात. कोणी आई असते, कोणी भाऊ, कोणी मैत्रीण, कोणी पगारी काळजीवाहक. मीही तशीच पडले. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि जे मी स्वतःला विचारत आले, ते इथे एकत्र केले आहेत. नात्यातले असोत की नेमलेले, सगळ्यांसाठी मी ‘मदतनीस’ हाच शब्द वापरला आहे.

निर्णय घ्यायला मदत करणं आणि निर्णय घेऊन टाकणं, यात फरक तो काय?

शेवटी कोणाची इच्छा अमलात आली, एवढं पाहिलं की फरक कळतो.

मदत सगळेच घेतात. घर बदलायचं असेल तर आपण चार जणांना विचारतो. शस्त्रक्रियेचा कागद समोर आला की डॉक्टर असलेल्या चुलत बहिणीला फोन करतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की, याला स्वतःचं कळत नाही, याच्या वतीने दुसऱ्याने सही करावी. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला हीच मदत जरा जास्त किंवा जरा वेगळ्या रूपात लागते. कोणाला माहिती सोप्या भाषेत हवी असते, कोणाला चित्रांतून. कोणाला वेळ जास्त लागतो. कोणाचे इशारे समजणारं माणूस शेजारी लागतं. कोणाला ठरवता येतं, पण ठरवलेलं तडीला नेताना सोबत लागते.

या उलट, घरच्यांनी, पालक म्हणून नेमलेल्या माणसाने किंवा डॉक्टरांनी ‘तिच्या भल्यासाठी’ परस्पर ठरवलं, तर ते कितीही मायेने केलेलं असो, निर्णय तिचा राहत नाही.

याला कायद्याचा आधार आहे का?

आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी मंजूर झाला आणि ३ मे २००८ पासून लागू झाला. त्याचं कलम १२ सांगतं की आयुष्याच्या सगळ्या अंगांत अपंग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता, म्हणजे स्वतःचे निर्णय कायद्याने मान्य होण्याचा हक्क, आहे, आणि ती वापरण्यासाठी लागणारी मदत मिळवून देणं हे सरकारांचं काम आहे. २०१४ मध्ये या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने आणखी स्पष्ट केलं : सगळे प्रयत्न करूनही व्यक्तीची इच्छा कळत नसेल, तर ‘तिचं हित कशात आहे’ असं विचारायचं नाही. ‘तिची इच्छा आणि पसंती काय असावी, याचा आपल्याला लावता येईल तो सर्वांत चांगला अर्थ कोणता’ असं विचारायचं.

देश आपापल्या वेगाने तिकडे वळत आहेत. स्वीडनने १९८९ मध्येच प्रौढ माणसाला ‘अक्षम’ जाहीर करण्याची पद्धत बंद केली. पेरूने २०१८ मध्ये आणि कोलंबियाने २०१९ मध्ये कायदे बदलले. आयर्लंडचा २०१५ चा कायदा प्रत्यक्षात यायला २०२३ उजाडलं. बऱ्याच ठिकाणी पालकत्वाची, म्हणजे नेमलेल्या पालकाने प्रौढ व्यक्तीच्या वतीने ठरवण्याची, जुनी व्यवस्था अजून उभी आहे, म्हणून आपल्याकडे काय चालतं हे जाणत्या वकिलाला विचारून घ्यावं.

कलम १२ चं चौथं उपकलम मात्र प्रत्येक मदतनीसाने एकदा सावकाश वाचावं. व्यक्तीच्या हक्कांचा, इच्छेचा आणि पसंतीचा आदर. हितसंबंध आड येऊ न देणं. दबाव न आणणं. गरजेपुरतीच आणि शक्य तितक्या कमी काळासाठी मदत. आणि ठरावीक काळाने त्रयस्थाकडून तपासणी. ते लिहिलंय सरकारांसाठी, पण चांगल्या मदतनीसाचे बहुतेक गुण त्यात आले आहेत.

एकच गुण सांगायचा झाला तर कोणता?

स्वतःची इच्छा ओळखता येणं. लोकांना वाटतं मी दया म्हणेन, धीर म्हणेन, प्रेम म्हणेन. ती लागतातच. पण या सगळ्यांमागे आपली स्वतःची इच्छा दडून बसते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या मदतनीसाला सांगते. १९९० च्या सुमारास ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाची पद्धत बरीच पसरली होती. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात किंवा मनगट मदतनीस धरायचा आणि ती व्यक्ती कळफलकावर अक्षरं टंकायची. आजवर एक शब्द न बोललेली मुलं अचानक पूर्ण वाक्यं लिहू लागली. आईबापांचे डोळे भरून आले. मग नियंत्रित चाचण्या झाल्या. दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवली, म्हणजे समजा व्यक्तीला किल्ली आणि मदतनीसाला कप. टंकलं गेलं ते मदतनीसाला दिसलेलं. चाचणीमागून चाचणी हेच घडलं.

ते मदतनीस खोटं बोलत नव्हते. आपला हात अक्षरांकडे ओढतोय हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यांतले कितीतरी जण निकाल पाहून कोसळले असतील असं मला वाटतं, कारण त्यांनी मनापासून काम केलं होतं.

आपण कोणाचा हात धरत नसू, पण आवाज वापरतो, भुवया वापरतो, पर्याय मांडण्याचा क्रम वापरतो. म्हणून बसण्याआधी कागदावर एक ओळ लिहावी : ‘या बाबतीत मला स्वतःला काय व्हावंसं वाटतं?’ मी हे खरोखर करते. ती ओळ डोळ्यांसमोर असली की नंतर बोलताना माझा हात कुठे ओढतोय ते दिसतं.

मला काही मतच नसेल तर?

मग तर जास्त जपा. मत नाही असं वाटतं तेव्हा बहुधा सोय असते. लवकर आटपावं, वाद होऊ नये, अर्ज आजच जावा. ही पण इच्छाच.

धीर धरा म्हणतात. म्हणजे नेमकं किती थांबायचं?

माझीच चूक सांगते.

एक तरुण होता. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही, अशी अवस्था) त्याला बोलता येत नसे. समोर पारदर्शक फलक धरला की तो नजरेने अक्षर दाखवायचा : आधी व्यंजन, मग काना, मात्रा, वेलांटी. एक शब्द पुरा व्हायला दोन-दोन मिनिटं जायची. घर सोडून इतर तिघांबरोबर एका घरात राहायला जायचं का, हा निर्णय त्याच्यापुढे होता. त्याने ‘र’ दाखवला, मग काना. ‘रा’. मी लगेच म्हटलं, “राहायचंय? तिथे राहायचंय तुला?” त्याने डोळे मिटून होकार दिला. मी खूश. वहीत लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी मदतनीस बसली. ती काहीच बोलली नाही. फलक धरून बसून राहिली. ‘रा’ आला, पुढे ‘त्री’ आला. “रात्री कूस कोण बदलणार?” एवढं वाक्य पुरं व्हायला जवळजवळ पाव तास लागला. त्याला स्वतःहून कुशीवर वळता येत नसे, रात्रीत दोन-तीनदा कोणीतरी वळवावं लागायचं. त्याचा सगळा निर्णय त्या एका प्रश्नाशी अडला होता, आणि तो प्रश्न मी अर्ध्या अक्षरावर तोडला होता. होकार त्याने का दिला असेल? दमला असेल. मला दुखवायचं नसेल. मी विचारलं तेव्हा त्याने लिहिलं, ‘घाई दिसली.’

तेव्हापासून माझं मोजमाप हे : प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं, आणि समोरची व्यक्ती काही करत असेल, म्हणजे नजर फिरवत असेल, ओठ हलवत असेल, तर मोजणंही थांबवायचं. शब्द पुरा करून द्यायचा नाही. तिने स्वतःच तसं सांगून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. काही जणांना अंदाज बांधलेला चालतो, उलट आवडतो. पण ते विचारून घ्यायचं.

समोरून ‘हो’ आलं की हो धरायचं ना?

तुमच्या प्रश्नातला तो ‘ना’ पाहा. मराठीत ‘ना’ लावला की प्रश्न राहत नाही, होकाराची मागणी होते. “आपण उद्या जायचं ना?” याला “नाही” म्हणायला बळ लागतं.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या बऱ्याच जणांचं आयुष्य समोरच्याची मर्जी राखण्यात गेलेलं असतं. ‘नाही’ म्हटल्यावर चेहरे कसे बदलतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यामुळे प्रश्न कळला नाही तरी तोंडून ‘हो’ जातं. अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवून ठेवलं आहे : एकमेकांच्या उलट अर्थाचे दोन प्रश्न विचारले, तरी काही जण दोन्हींना ‘हो’ म्हणतात.

म्हणून मी तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारते. सकाळी “तुम्हाला तिकडे जायचंय का?”, दुपारी “तुम्हाला इथेच थांबायचंय का?” दोन्हींना हो आलं, तर निर्णय अजून व्हायचा आहे एवढंच त्याचं उत्तर. दोन पर्याय दिले तर दुसऱ्या वेळी क्रम बदलते, कारण कानात शेवटी पडलेला शब्द परत म्हणणारी माणसं असतात. ‘कोण’, ‘कुठे’, ‘काय’ने विचारलेले प्रश्न बरे. “असं का वाटतं?” हा प्रश्न मोठ्यामोठ्यांना गोंधळात टाकतो आणि उलटतपासणीसारखा वाटतो; त्याऐवजी “तिथलं काय आवडलं?” म्हटलं की माणूस बोलतो.

जी व्यक्ती बोलत नाही, खुणाही करत नाही, तिची इच्छा कशी कळणार?

‘काहीच कळत नाही’ असं मी ऐकते, तेव्हा बहुधा कोणी नीट पाहिलेलं नसतं. श्वासाची लय, अंग ताठ होणं, नजर वळवणं, हुंकाराचा सूर, भूक मंदावणं, एखाद्या माणसाच्या पावलांच्या आवाजाने शांत होणं : हे सगळं म्हणणंच आहे. तीन गोष्टी कराव्या लागतात. आधी ते दखल घेण्याजोगं मानायचं. मग त्याचा अर्थ लावायचा. आणि मग त्यानुसार वागायचं. बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरच गाडी अडते.

अर्थ एकट्याने लावू नये. रोज अंघोळ घालणारी बाई, शाळेतली जुनी शिक्षिका, भाऊ, शेजारी, ज्यांनी त्या व्यक्तीला वेगवेगळ्या प्रसंगी पाहिलंय त्यांना एकत्र बसवा. एक वही ठेवा. डाव्या बाजूला जे दिसलं तेच लिहायचं : ‘नव्या खोलीत नेल्यावर दोन्ही मुठी आवळल्या, वीस मिनिटांनी सैल सोडल्या.’ उजव्या बाजूला अर्थ : ‘भीती? की थंडी?’ दोन रकाने वेगळे ठेवण्याचा फायदा असा की सहा महिन्यांनी डावी बाजू खरीच राहते, उजवी बदलता येते. आणि जेव्हा सगळ्यांचा अर्थ एकदम जुळतो आणि तो सगळ्यांच्या सोयीचाही असतो, तेव्हा पुन्हा एकदा पाहावं.

बोलता येतं, पण शब्द अडतात. अशा वेळी?

पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या माणसाचं हे रोजचं आहे. विचार जागेवर असतो, शब्द हाती लागत नाही. अशा लोकांशी कसं बोलावं यावर टोरोंटोमधल्या तज्ज्ञांनी बरंच काम केलं आहे, आणि त्यांच्या पद्धतीचा पाया एका साध्या वाक्यात आहे : तुम्हाला कळतंय हे मला माहीत आहे. हे खरंच तोंडाने म्हणायचं. “तुम्हाला सगळं समजतंय, शब्द तेवढे सापडत नाहीयेत.” हे ऐकून माणसाचे खांदे खाली येतात, मी पाहिलंय. मग कागद, जाड पेन, मोठ्या अक्षरांतले दोन-तीन शब्द, हो-नाहीची चिठ्ठी, बोटाने दाखवणं. एका वेळी एकच मुद्दा.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेली ‘टॉकिंग मॅट्स’ ही रीतही अशीच कामाची. एका चटईवर वर तीन खुणा असतात : हवं, नक्की नाही, नको. विषयाची चित्रं एकेक करून हातात द्यायची, ती व्यक्ती त्या-त्या खुणेखाली ठेवते. शेवटी सगळी चटई दाखवून विचारायचं, “बरोबर आहे? काही हलवायचंय?” आणि फोटो काढून ठेवायचा. मला यातली ‘नक्की नाही’ ही जागा फार मोलाची वाटते. अपंगत्व असलेल्या माणसाला न ठरवण्याची मुभा क्वचितच मिळते.

माहिती सोपी करताना काय सांभाळावं?

सोपं करता करता कापू नये. उपचाराचे फायदे सोप्या भाषेत सांगायचे आणि ‘घाबरेल’ म्हणून धोके गाळायचे, हे फार सर्रास चालतं. उपचार न घेणं हासुद्धा एक पर्याय असतो, तोही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिला पाहिजे. शक्य तिथे दाखवावं. नवीन घराचं वर्णन तासभर करण्यापेक्षा तिथे एक दुपार काढावी, रात्र काढता आली तर आणखी चांगलं.

बोलण्याची पद्धत कशी असावी?

प्रौढ माणसाशी प्रौढासारखी. चाळिशीच्या बाईला ‘बाळा’ म्हणणं, नाव विचारण्याआधी गाल धरणं, तिच्या देखत “हिला काय कळतंय” म्हणणं, हे बंद व्हायला हवं. तू की तुम्ही, हेही त्या व्यक्तीला विचारावं. ज्याला जन्मभर सगळ्यांनी अरे-तुरे केलं, त्याला कोणी पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं की तो खुर्चीत ताठ बसतो आणि त्या दिवशी मत मांडतो. इतकी छोटी गोष्ट, पण मी तिच्यासाठी भांडते.

डॉक्टर किंवा बँकेतले लोक माझ्याशीच बोलतात. काय करू?

खुर्ची मागे घ्या. खरंच, अर्धा फूट. नजर त्या व्यक्तीकडे वळवा आणि गप्प राहा. समोरचा बहुधा त्या दिशेने बघतो. नाहीच पाहिलं, तर “प्रश्न त्यांना विचारा, उत्तर समजायला अडचण आली तर मी आहे” एवढं म्हणा.

दवाखान्यात आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवावा. पोटात दुखतंय म्हणून कोणी ओरडत असेल, डोकं आपटत असेल, तर “यांचं असंच असतं” म्हणून ते अपंगत्वाच्या खात्यावर टाकलं जातं आणि दात किंवा अपेंडिक्स तपासायचं राहून जातं. “हे यांचं नेहमीचं नाही. परवापर्यंत असं नव्हतं,” हे ठामपणे सांगणारा मदतनीस लागतो. इथे गप्प बसणं चालत नाही. कधी मागे सरायचं आणि कधी आवाज चढवायचा, याची जाण हा मी मदतनीसाचा मोठा गुण मानते.

मला तो निर्णय चुकीचा वाटला तर?

वाटू द्या. सांगाही, एकदा, स्पष्ट, स्वतःचं मत म्हणून. पण आपल्याला पटलेल्या निर्णयालाच ‘समज आहे’ म्हणायचं आणि न पटलेल्याला ‘समज नाही’ म्हणायचं, हा खेळ करू नका.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये ‘जोखीम घेण्यातली प्रतिष्ठा’ ही कल्पना मांडली. माणसाला प्रत्येक धोक्यापासून दूर ठेवलं, तर त्याचं माणूसपणच आपण कमी करतो, असं त्यांचं म्हणणं. पन्नास वर्षं उलटली तरी ते घराघरांत पोचायचं आहे.

समजा, एका बाईला एकटीने बसने कामावर जायचंय. “जमेल का?” या प्रश्नावर घर आठवडाभर भांडतं. प्रश्न बदला : जमायला काय काय लागेल? पहिल्या काही फेऱ्यांना मदतनीस मागच्या बाकावर बसेल. मग एक थांबा आधी उतरेल. फोनमध्ये एका बटणावर नंबर. पर्समध्ये चिठ्ठी, ‘मला अमुक थांब्यावर उतरायचं आहे’. बस चुकली तर काय, याची एकदा मुद्दाम बस चुकवून तालीम. एवढं करून एखाद्या दिवशी ती भलत्या थांब्यावर उतरेल. आपणही उतरलोय.

मग कुठेच अडवायचं नाही?

जीव जाण्याची वेळ असेल, कोणी तिला लुबाडत किंवा मारत असेल, दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल, तर थांबवावंच लागतं, आणि ते तर कोणाच्याही बाबतीत करतो. त्यातही लपूनछपून नको. औषध गुपचूप मिसळणं, कागद दडवणं, “पत्र आलंच नाही” म्हणणं यांनी त्या एका प्रसंगातून सुटका होते, पण पुढची दहा वर्षं विश्वास बसत नाही.

मानसिक आजाराचे झटके येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत चांगल्या दिवसांत बसून लिहून ठेवता येतं : वाईट दिवस आले तर काय चालेल, काय चालणार नाही, कोणाला बोलवायचं. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा आगाऊ सूचनेची तरतूद आहे, इतरही काही देशांत आहे. तो कागद त्या दिवशी काढून वाचण्याची हिंमत मदतनीसात हवी.

मी आई आहे. मीच मदतनीस असलेलं चालेल का?

चालेल. तुम्हाला जे इशारे कळतात ते दुसऱ्या कोणाला कळायला वर्षं लागतील. पण निकालाचा परिणाम तुमच्यावरही होतो, हे झाकून ठेवू नका. लेक वेगळा राहायला गेला तर तुमचा दिवस रिकामा होणार आहे. त्याच्या नावच्या पैशावर घर चालत असेल तर तेही आलंच. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त ते उघड्यावर आणायचं. एका आईने माझ्यासमोर मुलाला सांगितलं होतं, “तू इथेच राहावंस असं मला वाटतं, कारण तू गेलास की मला घर खायला उठेल. हे माझं झालं. आता तुझं सांग.” तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने स्वतःचं सांगितलं. ते तिच्यापेक्षा वेगळं होतं.

पैसा, मालमत्ता, राहण्याची जागा अशा बाबतींत, जिथे तुमचा स्वतःचा संबंध येतो, तिथे त्या निर्णयापुरता दुसरा मदतनीस बसवा. एकाच माणसावर सगळं सोपवणं तसंही बरं नाही. आई आजारी पडली की त्या व्यक्तीचा आवाजच बंद, अशी घरं मी पाहिली आहेत.

मला कळलेल्या गोष्टी घरच्यांना सांगू का?

विचारून. ‘कोणाला काय सांगायचं’ हाही तिचाच निर्णय.

प्रत्येक अपंगत्वासाठी वेगळे गुण लागतात का?

गुण तेच, सवयी वेगळ्या. स्वमग्न व्यक्तीला प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवले, ट्यूबलाइटची घरघर बंद केली, डोळ्यांत डोळे घालून बोलण्याचा हट्ट सोडला, तर अर्धं काम झालं. बहिऱ्या व्यक्तीबरोबर तिला हवी ती सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी हवा, आणि दुभाष्याने मदतनीस होऊ नये. दोन्ही कामं एकत्र आली की कोणाचं वाक्य कोणाचं हे कळत नाही. स्मृतिभ्रंश असेल तर वेळ पाहावी. बऱ्याच जणांचं मन सकाळी लख्ख असतं आणि संध्याकाळी गढूळ. त्या व्यक्तीचे चांगले तास कोणते हे माहीत असूनही संध्याकाळी पाच वाजता कागद पुढे करणं, हा मी अन्याय समजते.

अंध किंवा चालता न येणाऱ्या व्यक्तीला अनेकदा निर्णयात मदत नकोच असते. कागद वाचता येईल अशा रूपात हवा असतो, किंवा जिन्याजागी उतार. न मागितलेली मदत देऊ नये.

हे गुण शिकता येतात का, की उपजतच लागतात?

शिकता येतात. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मदतनीसांसाठी एक चौकट बांधली आहे. त्यात व्यक्तीशी बांधिलकी, इतर माणसांची जुळवाजुळव आणि स्वतःच्या वागण्याकडे परत वळून पाहणं या तीन गोष्टींवर भर आहे. तिसरी मला सगळ्यांत अवघड वाटते. सोपा मार्ग म्हणजे संमती घेऊन आपल्याच एका बैठकीचं रेकॉर्डिंग करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. दोघांपैकी किती वेळ कोण बोललं ते घड्याळ लावून मोजायचं. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा अर्ध्या तासात बावीस मिनिटं माझी होती.

मी थकले आहे. असं म्हणणं चूक आहे का?

नाही. थकलेला माणूस घाई करतो आणि घाई निर्णयात उतरते. आज नको, उद्या बसू, असं मोकळेपणाने सांगा. ज्याला थांबायला वेळ आहे असा दुसरा कोणी असेल तर त्याला बोलवा.

तिने मलाच बदलायचं ठरवलं तर?

हा निर्णयही बाकीच्यांसारखाच. कारण सांगितलं तर ऐकून घ्यायचं, नाही सांगितलं तर मागायचं नाही. मला एकदा असं कळवलं गेलं, तेव्हा चार दिवस नीट झोप लागली नाही. मग मी तिच्या परवानगीने नव्या मदतनीसाबरोबर बसले. कागदांची फाइल दिली. दोन रकान्यांची वही दिली. ‘उजवा अंगठा दोनदा हलवला म्हणजे थांबा, एकदा म्हणजे पुढे बोला’ हे करून दाखवलं. ती बाई शेजारीच होती. माझं सांगून झाल्यावर तिने अंगठा तीनदा हलवला. याचा अर्थ मला माहीत नव्हता. नव्या मदतनीसाने वही उघडली, डाव्या रकान्यात लिहिलं, ‘तीनदा’, आणि उजवा रकाना कोरा ठेवून तिच्याकडे पाहत थांबली.